दापोड्याचे पक्के वाटे

नाशिकहून एसटी सुटली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. भिवंडी बायपासला उतरेपर्यंत ती रिकामीच राहिली. तिथून दापोड्याची रिक्षा धरली. दुतर्फा निळ्या पत्र्यांची गोदामं, एकासारखं दुसरं. रिक्षावाल्यानं भलत्याच फाटकाशी सोडलं. वॉचमन म्हणाला, "आगे से लेफ्ट, चाचा." नाशकात हल्ली मला कुणी चाचासुद्धा म्हणत नाही.

दामूशेठच्या गोदामाबाहेर ट्रक खोळंबले होते. सर्व्हर अडकला की गेटपास निघत नाही, आणि तो सर्व्हर मीच बसवलेला. शेठनं फोनवर बजावलं होतं : आज कायमचं नीट झालं नाही, तर ऑपरेटर बदलणार. ऑपरेटर म्हणजे गेटपास काढणाऱ्या करुणाताई, गावातल्याच.

"आलात सर? बसा. सगले माझ्याच नावानं बोंबलतान," म्हणत त्यांनी डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोळंबी) पुढं सरकवला. एक घास खाऊन मी मशीनकडं वळलो.

बिघाड मला ठाऊक होता. सर्व्हरची मेमरी मी कामागणिक वाटून टाकली होती : गेटपासला एवढी, मालाच्या नोंदींना एवढी, रिपोर्टांना एवढी. वाटे पक्के. ट्रकांची गर्दी झाली की गेटपासचा वाटा भरायचा. रिपोर्टांचा मोकळा पडलेला असला तरी त्यातलं काही मिळायचं नाही.

वाटे कुणी पाडले ते न सांगता शेठला हे सांगितलं, तर ते हसले. "आमी बी आदी गोदामात पार्टीगणिक चौकोन आखलं व्हतं. एकात माल माईना, दुसऱ्यात कुत्री झोपलेली!"

मी ते सगळे वाटे पुसले. थोडी मेमरी मशीनच्या स्वतःच्या कामाला ठेवली आणि बाकीची एकत्र करून सेटिंगच्या एका ओळीत सर्व्हरच्या हवाली केली. लागेल तिथं आता तोच देणार. सर्व्हर पुन्हा चालू केला. रिपोर्ट चालू असतानाच गेटपास निघाले. ट्रक हलले.

"म्हंजे इतके दिस हीच काय तरी चुकवत व्हती," शेठ म्हणाले.

मान डोलावली असती तरी चाललं असतं. म्हणालो, "नाही शेठ. चूक माझी. त्यांची कधीच नव्हती."

शेठ फाटकाकडं निघाले. जाताना ताईंना म्हणाले, "उद्या टायमावर ये."

ताई माझ्याकडं वळल्या. "मंग फोनवर मलाच का सांगत व्हता, कम्प्युटरवर जास्त खिडक्या उघडता म्हनून?"

"ही ओळ केव्हाच टाकता आली असती," मी म्हणालो. "पण मग तुमचा फोन आला नसता. दुसरं कुणी करत नाही मला."

त्यांनी डबा बंद केला. "मी रडत घरी जायाची, सर."

आणि त्या पुढचा गेटपास काढायला लागल्या.

परतीच्या एसटीत कसारा घाट कधी सरला, कळलं नाही. माणसाला एकटेपण चालवून घेता येतं, पण त्याची किंमत मी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांतून वसूल करत होतो. हे कबूल करायला दापोड्यापर्यंत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे तिकडं ट्रक वेळेवर सुटत होते.