ओस्वाल्दोचा एकच क्लब

२००६ साल होतं. मी बहात्तर वर्षांचा होतो. अमेरिकेत सनीव्हेलला मुलाच्या अपार्टमेंटखालच्या बाकावर, त्याच इमारतीत मुलीकडे राहणाऱ्या ओस्वाल्दोने मला आपला उष्टा चहा पुढे केला. चहा म्हणजे अर्जेंटिनाचा कडू पाला. छोट्या तुंब्यात भिजवायचा आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचा. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा तो म्हणाला, "नो ड्रिंक, नो फ्रेंड." असं ऐकून घेणारा मी नव्हे. तोंड वाकडं करून प्यालो, आणि मग रोजच पीत गेलो.

त्याचं इंग्रजी मोडकं. माझी शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे माझं तर इथे येऊन कानाने उचललेलं. म्हणूनच आमचं जमलं. नीट इंग्रजीवाल्यांशी मला कधी बोलता आलं नाही.

तरुणपणी तो फुटबॉल खेळायचा. गोल मारणारा नव्हे, दुसऱ्याला गोल करून देणारा. एकदा आपली इंजिनियर पोरं लॉनवर खेळत होती. बॉल घरंगळत बाकाशी आला. ओस्वाल्दोने बसल्या बसल्या सपातेने तो असा सरकवला की चौघांच्या मधून जाऊन पार पलीकडच्या पोराच्या पायाशी थांबला.

"यार, काय पास दिला!" पोरं ओरडली.

"बॉलला दमू दे," तो मला म्हणाला. "मी कशाला दमू?"

राजधानीतल्या बड्या क्लबचा माणूस एकदा मोटार घेऊन त्याच्या दारात आला होता. हा गेला नाही. त्याचा आपला रेल्वे कारखान्याच्या वस्तीतला छोटा क्लब, मैदानाची भिंत ह्याच्या बापाने आणि शेजाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी बांधलेली. "त्या भिंतीच्या विरुद्ध खेळू?" तो विचारायचा.

"येडा आहेस," मी म्हणायचो. "मीही आमच्या गल्लीचा कबड्डी संघ सोडला नाही. पण मला कुणी बोलावलंच नव्हतं!"

तो खोकला येईपर्यंत हसायचा.

पुढच्या वर्षी त्याचं हृदय बिघडलं, आणि तिकडे क्लबही. शेवटची मॅच हरली, तर नापास पोराला खालच्या इयत्तेत बसवावं तसा क्लब खालच्या वर्गात जाणार होता. ओस्वाल्दो मॅचसाठी अर्जेंटिनाला निघाला. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. त्याची मुलगी मार्ता रडत आमच्याकडे आली. माझ्या सुनेने, शुभांगीने, मला समजावलं, "बाबा, ते फक्त तुमचं ऐकतात. ट्रिप कॅन्सल करा म्हणावं."

मी बाकावर गेलो. "तू जाऊन काय करणार? खेळणार आहेस?"

"जिंकताना सगळे येतात," तो म्हणाला. "हरताना स्टँड रिकामा असतो."

मी वर आलो आणि मार्ताला म्हणालो, "लेट हिम गो."

ती ताडकन उठली. "ते माझे वडील आहेत, तुमचे नाहीत!" शुभांगीने हे मराठीत सांगितलं नसतं तरी मला कळलंच असतं. त्यानंतर मार्ता जिन्यात दिसली की मान वळवायची.

निघताना ओस्वाल्दोने मला मिठी मारली. आपल्यात पुरुष असं करत नाहीत. हात कुठे ठेवावेत ते मला सुचेना. शेवटी खाली लोंबकळतच राहिले.

क्लब हरला. ओस्वाल्दो शेवटपर्यंत स्टँडमध्ये बसून होता, असं त्याच्या भावाने मार्ताला फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात, भावाच्या घरी, झोपेतच गेला. मार्ताने शुभांगीला कळवलं. मला नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, आता तिच्यासमोर जाऊ नका." मी त्याचं कधी ऐकलं आहे?

दुसऱ्या दिवशी पहाटे मार्ताला एअरपोर्टला न्यायला टॅक्सी आली. ती बॅग ओढत जिन्याशी आली, तेव्हा मी तिथे उभा होतो. हात पुढे करून बॅगेचा दांडा धरला. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने हात सोडला, आणि मी बॅग खाली नेली.