फ्लिटचा अर्थ

"फ्लिट का मतलब कौन बताएगा?"

इंग्रजीच्या मॅडमनी फळ्यावर शब्द लिहून विचारलं. आर. के. पुरममधली शाळा, सातवीचा वर्ग. सरकारी साहेबांच्या मुली माना खाली घालून बसल्या. माझा हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा. हा शब्द तर आमच्या घरचा होता.

"मॅडम, मच्छर मारने की दवाई."

वर्ग खो खो हसला. माझ्या शेजारची पुण्याच्या साहेबांची मुलगी सगळ्यात मोठ्यानं. तिच्याही घरी फ्लिटच मारायचे. तिनं हात वर केला नव्हता, एवढाच फरक.

मॅडम हसल्या नाहीत. "पापा क्या करते हैं?"

"गेस्ट हाउस में फ्लिट मारते हैं."

"तभी."

तभी. एवढंच म्हणाल्या. मग हाताचं फुलपाखरू करून दाखवलं. फ्लिट म्हणजे ह्या फुलावरून त्या फुलावर भुर्रकन, हलकेच जाणं.

चाचणीत तोच शब्द आला. मी हट्टानं दोन्ही अर्थ लिहिले. फुलपाखराचा आणि डासांचा. मॅडमनी दोन्हींवर मिळून एकच मोठी लाल फुली मारली.

मुली मला बघून नाक दाबायच्या. फुस्स, फुस्स करायच्या. बाबा कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसमधून घरी आले की अंगाला घासलेटाचा वास असायचा. ते जवळ बसले की मी सरकून बसायचे. याबद्दल मला आजही मॅडमपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

त्याच वर्षी मॅडम मयूर विहारला नव्या सोसायटीत राहायला गेल्या. स्वतःचा फ्लॅट, लिफ्ट, केबल टीव्ही. आणि यमुनेचे डास. एक दिवस मला व्हरांड्यात थांबवून म्हणाल्या, "बेटा, पापा को बोलना, संडे को हमारे यहाँ फ्लिट मार जाएँ."

तेच तोंड. तोच शब्द. घरी येऊन मी निरोप दिला.

बाबा म्हणाले, "जाऊ की. बाई आहेत त्या तुझ्या." रविवारची सुट्टी मोडून पंप घेऊन निघाले. मीही गेले. पिशवीत चाचणीची वही घेऊन.

मॅडमनी दार उघडलं आणि आत वळून हाक दिली, "सब बाहर आ जाओ, फ्लिट वाला आ गया."

बाबा पंपात औषध भरायला बसले. मी वही उघडून मॅडमसमोर धरली.

"मॅडम, ये गलत है क्या?"

"ये स्कूल की बात है. यहाँ नहीं."

"आपने अभी यही बोला."

"इंग्लिश में ऐसा नहीं होता."

"तो पापा क्या करने आए हैं? तितली बनने?"

"गप," बाबा म्हणाले. मग त्यांचं लक्ष वहीकडे गेलं. इंग्रजी येत नव्हतं, पण लाल फुली कुणालाही वाचता येते. "काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

बाबांनी पंपाचं झाकण लावलं. घट्ट पिळलं. "मॅडम, दवाई खतम है," म्हणाले आणि उठले.

जिना उतरताना पंपाचा डबा डुचमळत होता. भरलेला होता. त्या खोट्याचाही मला राग आला. खरं का नाही बोललात, मी विचारलं. बसस्टॉपवर त्यांनी पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या वर्गात तुलाच बसायचंय."

फुली तशीच राहिली. पुढे वर्षभर मॅडमनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी रोज हात वर करत राहिले. खांदा दुखायचा.

मोठी झाल्यावर गुडगावच्या काचेच्या ऑफिसात नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय. शेजारची म्हणाली, "गव्हर्मेंट सर्विस लिख दे यार, अच्छा लगता है."

मी लिहिलं: गेस्ट हाउसमध्ये फ्लिट मारतात. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिते. आणि कुणी 'तभी' म्हणालंच, तर 'तभी क्या?' असं विचारते. उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाही.