ओसाकाच्या चौकीत एक तांब्या

ओसाकाला विमान उतरताना आधी फक्त पाणी दिसतं. आता चाकं समुद्राला टेकणार असं वाटतं, तेवढ्यात धावपट्टी खाली येते, कारण इथला विमानतळ समुद्रात भर घालून केला आहे. मी घड्याळ साडेतीन तास पुढे केलं आणि वही काढली. पाच दिवसांची बावीस कामं तीत लिहिली होती. शेवटचं काम होतं : विसर्जन, ओंकारच्या हातून.

हातातल्या पिशवीत तळहाताएवढा तांब्या होता, तोंडाला लाल फडकं बांधलेला. सोबत मृत्यूचा आणि स्मशानाचा दाखला, भाषांतरं, प्रत्येकी तीन प्रती. ओंकारचे बाबा श्रावणात गेले, सकाळी दाढी करता करता. ओंकार आमचा एकुलता एक मुलगा, इथे नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं, "आई, उद्या रात्री पोचतो. थांबा." मी थांबले नाही. घरात माणसं दाटली होती, बर्फ मिळत नव्हता, जो तो मला विचारत होता कधी काढायचं. मी पाचची वेळ दिली. पुतण्याने अग्नी दिला. ओंकारने तिकीट रद्द केलं आणि त्यानंतर फोनवर जेवलीस का, एवढंच विचारत राहिला. नाशिकला जाताना थोड्या अस्थी मी त्याच्यासाठी मागे ठेवल्या. आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून कोपरीला आमच्या इमारतीमागच्या जांभळाला तांब्या बांधून ठेवला होता.

विमानतळावर तो समोर आला. बारीक झाला होता.

"बॅग दे," म्हणाला. पिशवीकडे त्याने हात केला नाही.

शहरात जाणाऱ्या गाडीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आम्हालाही ते सोयीचं पडलं.

त्याची खोली एका माणसापुरती. म्हणून माझी सोय दोन गल्ल्या पलीकडे, एका ओबाआसानकडे (आजीकडे). ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, नवरा गेलेला. तिचं घर थेट रस्त्यावर उघडणारं, अंगण नाही. समोर लहानशी बाग होती आणि पिवळ्याधमक पानांचं एक झाड. मी फांदी बघितली आणि सुतळी काढली.

"आई, इथे असं कोणी काही टांगत नाही," ओंकार म्हणाला.

"चोरीला जाईल का?"

"चोरीला नाही जाणार."

"मग झालं तर." मी दोन गाठी मारल्या. तो आणखी काही सांगणार होता, पण मी आत वळले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली होती. किल्ला पाहिला. खंदकाचे दगड एवढाले, की कसे आणले असतील याचाच विचार करत राहावं. दुपारी ओकोनोमियाकी (कोबी घालून तव्यावर केलेलं जाड धिरडं) खाल्लं. वर माशाचे पातळ पापुद्रे वाफेने हलत होते. मी दचकले तसा ओंकार हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं ते हसणं. सरकत्या जिन्यावर मी डावीकडे उभी राहिले तेव्हा मागे रांग लागली. कोणी शब्दाने टोकलं नाही. "उजवीकडे, आई," म्हणत त्याने मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

संध्याकाळी योदो नदीवर गेलो. पात्र आपल्या कोपरीच्या खाडीएवढं रुंद, काठ स्वच्छ, पळायला आलेली माणसं. मी विचारलं, "इथेच ना?"

"इथे नदीत नाही चालत. विचारावं लागेल कुणाला तरी."

"मी दिवाळीआधी तुला विचारायला सांगितलं होतं."

"हो. नाही विचारलं."

परत आलो तर फांदीवर तांब्या नव्हता, सुतळीही नव्हती.

मी पानं उकरली, बाकांखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा शोधला, तर बागेत डबाच नव्हता. ओंकार जागच्या जागी उभा राहिला होता. आवाज ऐकून ओबाआसान बाहेर आली, त्याच्याकडून सगळं ऐकलं आणि चपला बदलून पुढे चालू लागली.

"कोबानमध्ये (नाक्यावरच्या पोलीस चौकीत) असेल म्हणते," ओंकार म्हणाला. "इथे हातमोजा सापडला तरी लोक नेऊन देतात. काल तेच सांगणार होतो."

टेबलाएवढीच चौकी. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या कुणीतरी तांब्या आणून दिला होता. तो मागच्या फळीवर होता, एका छत्रीच्या शेजारी, चिठ्ठी लावलेला. फडक्याची गाठ कोणी सोडलेली नव्हती. पोलीस माझ्याच वयाचा. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि विचारू लागला. कुठे हरवलं, केव्हा, रंग कोणता. ओंकार उत्तरं देत होता. मग पोलिसाने पेनाने तांब्याकडे खूण करून काही विचारलं आणि ओंकार थांबला.

"काय विचारतोय?"

"आत काय आहे."

मी दाखले काढायला पिशवी उघडली. तेवढ्यात तो म्हणाला, "चिचि." (वडील.)

पोलिसाने पेन खाली ठेवलं. उठून उभा राहिला, टोपी काढली आणि तांब्यापुढे कमरेत वाकला. ओबाआसानही वाकली. ओंकार तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा, तोंडावर पालथा हात ठेवून रडला. कोणी त्याला गप्प केलं नाही. मग पोलिसाने दोन्ही हातांनी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. चार महिन्यांनी तो बाबांजवळ पोचला होता.

परतताना त्याने विचारलं, "तू का नाही थांबलीस?"

लोक, बर्फ, गर्दी, सगळं तोंडाशी आलं. "मला भीती वाटली," मी म्हटलं. "रात्रभर त्यांच्याजवळ बसले तर मी उठणार नाही, असं वाटलं. म्हणून कामं काढली आणि उरकली. चुकलं माझं."

तो तांब्या छातीशी धरून चालत राहिला. "आता गार झालंय," एवढंच म्हणाला आणि माझी शाल नीट केली.

दाराशी मी थांबले. अस्थी आत कशा न्यायच्या? ओबाआसान आधीच आत गेली होती. तिथल्या बुत्सुदानशेजारी (गेलेल्यांच्या देव्हाऱ्याशेजारी) चौरंगाएवढं टेबल पुसून तिने वाटीभर भात ठेवला, उदबत्ती लावली. ओंकारने सांगितलं, इथे माणूस गेल्यावर अस्थी घरातच ठेवतात, एकोणपन्नास दिवस, घरच्यांबरोबर.

"आई, विसर्जन इथे नको. थोडे दिवस माझ्याकडे राहू देत बाबा. वर्षअखेरच्या सुट्टीत मीच घेऊन येतो. आपल्या खाडीत."

आजवर जे मी केलं नव्हतं ते केलं. चपला काढल्या आणि त्याला म्हटलं, "ये आत."

उरलेले दिवस हिंडलो, बाजार पाहिला, मी त्याच्या खोलीत भाजणीचं थालीपीठ लावलं. विमानतळावर यावेळी त्याने मला जवळ घेतलं.

कोपरीला रिक्षातून उतरले तेव्हा शेजारच्या वहिनी खालीच भेटल्या. जांभळाच्या फांदीवर जुनी सुतळी अजून लोंबत होती. ती मी सोडली नाही. वहीतली एकवीस कामं झाली होती.

"झालं का हो सगळं नीट?" वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दोघं येताहेत डिसेंबरअखेर."