न बांधलेल्या खोलीतली बाई

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जायचो. असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता माझा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

पनवेलजवळ कोन गावात आमचं घर आहे. मी स्कूल बस चालवतो. बायकोला, सुनंदाला, हृदयाचा त्रास, आणि दुपारी ती घरात एकटी. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधून भाडेकरू ठेवायचं ठरवलं — हाकेला धावून येईल असं कुणीतरी हवं. आमच्याकडे लोक आधी बांधून मोकळे होतात, परवानगीचं मग बघतात. मी हट्टाला पेटलो, नकाशा पास झाल्याशिवाय एक वीट लावणार नाही. शेजारीपाजारी हसले. हसू देत.

नकाशा पास करणारे इंजिनियर साईट बघायला यायचे होते त्या दिवशी सुनंदा माहेरी, उरणला गेली होती. मी शाळेबाहेर बस लावून बसलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन.

"लगेच घरी या. तुमच्या मिसेस मागच्या खोलीत पडल्यात, एक बाई त्यांना मांडीवर घेऊन बसलीय. परवानगीआधीच खोली बांधलीत, त्याचं नंतर बघू."

कसली खोली? सुनंदाला फोन लावला, तर ती उरणला मजेत मासळी साफ करत होती! दुसऱ्या ड्रायव्हरला बस देऊन मी घर गाठलं. मागे शेवग्याचं झाड, कपड्यांची दोरी, बाकी नुसती माती. इंजिनियर तिथेच उभे होते, घामाने निथळत. बाईच्या कपाळावर भाजल्याचा डाग होता, एवढंच ते पुटपुटले आणि निघून गेले. नकाशा मात्र मुकाट्याने पास झाला.

मी सुनंदाला यातलं अक्षर सांगितलं नाही. खोली बांधली. मोरा बंदराकडचं एक जोडपं भाडेकरू म्हणून ठरलं. बोलणं फक्त नवऱ्याशी झालं होतं. सामान उतरवताना त्याची बायको टेम्पोतून उतरली. डोक्यावरचा पदर सरकला... कपाळावर भाजल्याचा डाग.

मी चावी देईना. सुनंदा चिडली, माझ्या हातातून ओढून तिला दिली. ती हसून म्हणाली, "काकी, आता काय बी लागला तर हाक मारा. मी हाय."

त्या दोघींचं आता छान जमलंय. मी रोज ठरवतो, आज यांना खोली सोडायला सांगायचं. इंजिनियरना काय दिसलं, कसं दिसलं, मला आजही कळलेलं नाही. पण तिला घालवलं, तर त्या दिवशी सुनंदाचं डोकं मांडीवर घ्यायला कोण असेल?