राणीसाहेबांचा मऊ हात

माझ्या नवऱ्याला महारोग झाला होता. गोळ्या घेऊन ते बरे झाले. डॉक्टरांनी तसं मालकाला बोलावून सांगितलं, तरी मालकाने त्यांना मागावर परत बसवलं नाही. त्यांच्या हातचं लुगडं कोणी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. आमचा सगळा मोहल्ला विणकरांचा. दिवसभर माग चालायचे आणि हे ओट्यावर बसून ऐकायचे. आमच्या घरचा चहा कोणी घेत नव्हतं.

आजार गेला, पण त्यांच्या उजव्या पंजाला काही समजत नसे. चुलीवरचं भांडं ते तसंच उचलायचे आणि हाताला आलेला फोड आधी मला दिसायचा. म्हणून मी रोज तो हात धुऊन, बोट न बोट पाहून तेल लावायची.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही ह्यांच्या हाताचा फोड दाखवायला गेलो होतो, त्या दिवशी दवाखान्यात एक राणीसाहेब आल्या. त्यांचं राज्य केव्हाच गेलं होतं, पण लोक राणीसाहेबच म्हणत. मोतिया रंगाची साडी, बिनबाह्यांचं पोलकं, गळ्यात एकच सर. मी त्यांच्यात काहीतरी वाईट शोधत होते. त्यांनी नाकाला पदर लावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण नाही लावला. सरळ येऊन त्यांनी ह्यांचा उजवा हात हातात घेतला. फोटोवाल्याने मला बाजूला व्हायला सांगितलं, माझी सावली पडत होती. मग तो म्हणाला, फोटो नीट आला नसेल, पुन्हा एकदा. तेव्हा त्यांनी तो हात पुन्हा धरला, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. मी ह्यांच्या चपला घेऊन भिंतीशी उभी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. राणीसाहेबांनी न घाबरता रोग्याला स्पर्श केला, असं खाली छापलं होतं. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता आलं.

मग मोहल्ला आमच्या ओट्यावर आला. जिने कधी आमच्या माठाला हात लावला नव्हता ती शेजारीण मलाच म्हणाली, "काहून वं, तू समोर काहून नाही गेली? पाय बांधले होते का तुये?" सगळ्या हसल्या. मी आत गेले.

चार दिवसांनी मालक स्वतः आला. खाटेवर बसला, चहा ठेव म्हणाला. मी चहा ठेवला. बाहेर त्याने ह्यांना विचारलं, कसा होता गा राणीचा हात? हे म्हणाले, "कापसावानी. असा मऊ हात मी जन्मात धरला नाही."

मी दारात कप घेऊन उभी होते. ह्या हाताला विस्तव समजत नाही, एवढं एक वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी ते बोलले असते तर मालक उठून गेला असता. मी कप समोर ठेवला. त्याने चहा प्यायला आणि ह्यांना सोमवारपासून मागावर यायला सांगितलं.

तो गेल्यावर मी ह्यांना विचारलंच. "तुमाले कसं समजलं मऊ होता म्हणून?"

"लोकायले काय सांगू मंग? दिसत होता मऊ."

"अन् माया?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुया तं घरचाच हाये."

कोणी म्हणेल, त्यांनी प्रेमाने म्हटलं. असेल. पण इतकी वर्षं मी हा हात रोज धरला तेव्हा मालकाला काही पटलं नाही, आणि त्या बाईने दोनदा धरला तर पटलं. माग मिळाला याचा आनंद मला झाला, झाला नाही असं नाही. फक्त तो तिच्यामुळे मिळाला.

सोमवारी ते मागावर गेले. मी सूत भरलेल्या कांड्या द्यायला गेले तेव्हा चार जण भोवती उभे होते आणि हे मागाचा धोटा हातात धरून सांगत होते, राणीच्या हाताला अत्तराचा वास होता. हे काही त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मी कांड्या मागाशी ठेवल्या. त्यांना बोलण्याच्या नादात मी आलेली दिसले नाही.