वाशावरचा दोर

मुलांनो, राफ्टिंगला जाण्याआधी तुम्ही दोघं खांद्यांचे व्यायाम करताय, असं परवा फोनवर सांगितलंत. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, वर टाकलेला दोर ओढायचा. ऐकून मी चमकलेच, कारण हेच व्यायाम मी शाळेत असताना आमच्या ओटीवर पाहिले होते. म्हणून हे आजच लिहून ठेवते.

माझे वडील रापणीवर जायचे. रापण म्हणजे वाडीतल्या पुरुषांनी किनाऱ्यावर उभं राहून दोराने ओढायचं मोठं जाळं. एका पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सावंतवाडीचे डॉक्टर म्हणाले, हात रोज हलवा. वाडीतली चोळणारी आजी म्हणाली, "हालवशीत तर हात कायमचो जातलो."

मी इंग्रजी शाळेत जात होते, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला काय कळणार? शेवटी दोन्ही झालं. सकाळी वडील भिंतीवर बोटं चढवायचे, मग वाशावरून टाकलेला दोर डाव्या हाताने ओढून उजवा वर न्यायचे. दुपारी आजी येऊन त्याच हाताला तेल चोळून तो पंच्याने गळ्यात बांधून ठेवायची.

"भिंत चढान मासे गावतत काय गो?" वडील मला विचारायचे.

"पाल तरी गावतली," आई आतून म्हणायची.

हसायचो, पण धास्ती होती. ओढता आलं नाही तर मुंबईला जाऊन पहारेकरी व्हायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. दोराला नुसता हात लावणाऱ्यालाही आमच्याकडे मासळीचा वाटा मिळायचा, पण तसला वाटा त्यांना नको होता.

पावसाळा संपून पहिली रापण लागली त्या दिवशी मी किनाऱ्यावर फक्त त्यांचा उजवा हात पाहत होते. दोर येत होता, हातही मागे जात होता. पण तो हात ओढतोय, की दोराबरोबर नुसता जातोय, हे काही केल्या कळेना.

परतताना मी विचारलं, "बाबा, ओढूक जमला?"

"माका खंय कळला? उद्या परत बघतंय."

ते उद्या-उद्या करत वर्षं गेली आणि मुंबईला न्यायची ट्रंक माळ्यावरच राहिली. खांदा व्यायामाने सुटला, तेलाने, की मुळात सुटलाच नव्हता, मला आजही सांगता येत नाही. ओटीवरच्या वाशाला दोराने पडलेली खाच मात्र अजून आहे.