वरातीची घोडी आन आमचं मालक

टांगा मोडला तवा मालक, म्हंजी माझा नवरा, म्हनले, "आता ह्या दारात पुन्यांदा घोडं बांधायचं न्हाई." कोल्हारच्या श्ट्यांडवरनं आमचा टांगा चालायचा. घोड्याचं गवत, पानी, लीद, खरारा समदं माझ्याकडं. मालकाकडं चाबूक आन मिशा. फुडं टेम्पो आले, मानसं टांग्यात बसंनात, घोडं इकलं. चाकं कुडाला टेकून ऱ्हायली, त्याच्यावर मी गोधड्या वाळत घालायची. मग ऊस तोडला, कांदं खुरपलं, पोरं वाढवली. रडून काय घोडं परत येतंय व्हय?

पुढं लई वर्सांनी, गावात एस्टीडीची पिवळी पाटी लागली त्या टायमाला, मालकाच्या अंगावरनं वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा. तोंडबी जरा वाकडं झालं. डाक्टर म्हनला, "आजी, ह्यांना रोज चालवा. न्हाईतर पाय कायमचा जाईल."

चालवा म्हनं! मालक भिताडाकडं तोंड करून पडायचे. "साऱ्या पेठंनं मला टांग्यावर बघितलेलं हाय. आता काय लंगडत जाऊ?" मी तेल चोळलं, हाता-पाया पडले, शिव्याबी दिल्या. हालले न्हाईत. काठी आनून दिली तर तिनं कोंबड्या हाकलायचे, पडल्या पडल्या.

माझा धाकला भाऊ लग्नाला घोड्या भाड्यानं देतो. दाजींना बघायला आला आन आपलंच रडगानं लावलं. एक घोडी म्हातारी झाली, एका डोळ्यात फूल पडलं, आता नवरदेववाले अपशकुनी म्हनून घेत न्हाईत.

मी म्हनले, "आमच्याकडं आनून सोड."

"आक्का, डोस्कं फिरलं का तुझं? दाजींचं करून कंबर मोडली तुझी."

"मोडलेल्या कंबरंला आजून काय व्हायचंय? आन तू."

घोडी आली. मालकाला खाटंवरनं दिसंल आशी दारातच बांधली. दोन दिस त्यांनी तिच्याकडं बघितलं न्हाई. मी तिच्या तोंडाला चंदीचा तोबरा चढवला, खरारा केला, त्यांच्याशी एक शबुद बोलले न्हाई. तिसऱ्या दिशी खाटंवरनं आवाज आला, "पाय भरत्याल."

"कोनाचे?"

"तिचे. घोडं आसं बांधून ठिवत्यात का? फिरवून आन."

"मला येळ न्हाई. पानी भरू का घोडी फिरवू?"

तेवढ्यात आमची सून, भोळी बाय, म्हनती, "आत्याबाई, मी आनते की फिरवून!" मी तिच्याकडं आसं बघितलं की ती चुलीपाशी जाऊन रिकाम्या तव्याला फुंकर घालत बसली.

मालक उठले. काठी धरली. हात एकच चालायचा, त्यात काठी तरी धरावी न्हाईतर लगाम. म्हून लगाम मी धरला.

आता ही घोडी वरातीतली. वरातीत मानसं नाचत्यात, चार पावलं जात्यात आन थांबत्यात. तिला तेवढंच ठावं. चार पावलं चालायची, थांबायची, मान हालवायची. मालकालाबी चार पावलांनी दम लागायचा. दोघांचा आसा मेळ बसला की डाक्टरनं सांगून बसला नसता. नवरदेव लगनाआधी घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडाय जातो, म्हून हिच्याबी वाटंचं टोक मारुतीचं देऊळ. तिथं जाऊन हुभी ऱ्हायची आन खोबऱ्याचा तुकडा खाल्ल्याबिगर माघारी वळायची न्हाई. मी पदराला खोबरं बांधूनच निघायची.

पारावरची मानसं इचारायची, "आज्जे, वरात कुनाची?"

"आमचीच. तुझ्या बापाला म्हनावं आहेर घिऊन ये."

मालक हसायचे, पर काठी काय सोडायचे न्हाईत.

येक दिस आमच्या आळीत लगीन निघालं. नवरदेव जीपमदी, फुडं बँड. आमी मारुतीकडं निघालेलो. ताशा वाजला आन घोडीचे कान हुभे ऱ्हायले. माझ्या हातातनं लगाम सुटला. म्हातारी सरळ बँडच्या फुडं गेली, नवरदेवाच्या जीपला आडवी झाली, आन गुडघे कुरकुरत आसतानाबी नाचाय लागली! कुनीतरी तिच्या मानंवर काठी उगारली.

"ए! हात लावू नगंस तिला!"

मी बघते तर मालकाची काठी रस्त्यात पडलेली. मला वाटलं पडले. पर मालक गर्दीत हुते. उजव्या हातात लगाम, लुळा हात घोडीच्या पाठीवर टाकलेला, आन पाय घासत चाललेले.

नवरदेवाचा बाप म्हनला, "बाबा, घोडी बाजूला घ्या की."

"ती मारुतीला गेल्याबिगर वळत न्हाई. तुमी मागनं या."

काय करत्यात? गल्ली आरुंद, जीप मागं सरकंना. सारी वरात आमच्या मालकाच्या मागं. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. जीप गरम होऊन धूर सोडाय लागली, नवरदेव उतरून पायी निघाला, आन मांडवातनं भटजी भोंग्यावर वरडतोय, "मुहूर्त टळतोय! मुहूर्त टळतोय!"

मी काठी उचलून मागनं पळत हुते. नवरदेवाची आई माझ्यावर खेकसली, "आवो बाई, तुमच्या म्हाताऱ्याला जरा बिगीबिगी चालवा की!"

मी म्हनले, "माय, ह्येच लई बिगी हाय."

मारुतीपाशी वरातवाल्यांनी नारळ फोडला. पहिला तुकडा घोडीनं खाल्ला, मग नवरदेवानं डोस्कं टेकलं. घोडी आपली आपन घराकडं वळली. मी मालकाफुडं काठी धरली.

"मला काय दोन हात हायेत का?" मालक लगाम दावून म्हनले. "धर तूच."

धरली. माझी कंबर तवा लई ठनकत हुती. ती दोघं फुडं, चार पावलं जायची, थांबायची. मागनं मी काठी टेकत घरी आले.